काचेवर उमटलेला सौरवात

उत्तर ध्रुवाकडील आकाशात हिवाळ्याच्या रात्री झळकणारा ध्रुवीय प्रकाश आणि वर्षानुवर्षांच्या अंतराने त्याच आकाशात येऊन जाणारा ठळक धूमकेतू यांचे परस्परांशी काही नाते असावे, अशी शंका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील अभ्यासकांना येणे कठीण होते. पहिला पृथ्वीच्याच वातावरणाच्या वरच्या थरांत निर्माण होतो, तर दुसरा कोट्यवधी किलोमीटर दूरच्या अवकाशातून जातो. एकाला प्रज्वलित करणारा आणि दुसऱ्याच्या पुच्छाला दिशा देणारा सूर्याकडचा प्रवाह एकच आहे, हे १९५० च्या दशकात स्पष्ट झाले आणि त्यात गणिताइतकाच वाटा काचेच्या पट्ट्यांवर घेतलेल्या छायाचित्रांचा होता. यांतली बरीचशी महत्त्वाची छायाचित्रे वेधशाळांच्या प्रचंड दुर्बिणींतून आलेली नव्हती. माणसांचे चेहरे टिपण्यासाठी किंवा चलच्चित्रे घेण्यासाठी कारागिरांनी घडवलेल्या लहान भिंगांतून ती आलेली होती. खगोलशास्त्राच्या इतिहासग्रंथांत या गोष्टीला सहसा एखाद्या तळटीपेची जागा मिळते, ती तिच्या योग्यतेला फारच अपुरी आहे.

सूर्यापासून सर्व दिशांना अखंड वाहणाऱ्या विद्युत्‌भारित कणांच्या प्रवाहाला सौरवात म्हणतात. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राशी त्याची गाठ पडली की त्या क्षेत्रात ऊर्जा साठते, ती अधूनमधून मोकळी होते आणि वेगवान झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांच्या अनुरोधाने ध्रुवांजवळच्या पट्ट्यात खाली उतरून ऑक्सिजन व नायट्रोजन यांना उद्दीपित करतात. डोळ्यांना सर्वाधिक जाणवणारा हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूचा असून त्याची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर आहे; आणखी उंचावरचा तांबडा रंगही ऑक्सिजनचाच, ६३० नॅनोमीटरचा, आणि निळ्या-जांभळ्या छटा नायट्रोजनच्या. धूमकेतूला दोन प्रकारची पुच्छे असतात. त्यांतले धुळीचे पुच्छ रुंद, वाकलेले आणि पिवळसर असते, तर विद्युत्‌भारित वायूचे, म्हणजे आयनांचे, पुच्छ सरळ, अरुंद आणि निळसर असते व ते सौरवाताच्या ओघात सूर्याच्या विरुद्ध दिशेला ताणले जाते. आरंभीच्या छायाचित्रण-पट्ट्यांना निळा व जांभळा प्रकाश तेवढा जाणवे, हिरवा जवळजवळ जाणवत नसे. त्यामुळे धूमकेतूचे आयनपुच्छ त्या पट्ट्यांना मानवी डोळ्यापेक्षा चांगले दिसत होते, पण ध्रुवीय प्रकाशाचा सर्वांत तेजस्वी हिरवा भाग मात्र त्यांच्यापुरता अंधारातच राहत होता. एका विषयात छायाचित्रण तीन दशके पुढे का गेले, याचे अर्धे उत्तर या रसायनात आहे.

धूमकेतूचे पहिले छायाचित्र २७ सप्टेंबर १८५८ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात विल्यम अशरवुड या व्यावसायिक छायाचित्रकाराने घेतले. आकाशात त्या वेळी दोनाती हा धूमकेतू तळपत होता आणि अशरवुडने व्यक्तिचित्रांसाठी वापरले जाणारे भिंग केवळ सात सेकंद उघडे ठेवले होते. दुसऱ्याच रात्री अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत जॉर्ज बाँड यांनी पंधरा इंच व्यासाच्या मोठ्या दुर्बिणीतून सहा मिनिटे प्रकाश पट्टीवर घेतला, तरी त्यांना केंद्रक आणि त्याभोवतीची थोडीशी आभा एवढेच मिळाले. या तफावतीचे कारण साधे आहे. ताऱ्यासारख्या बिंदूच्या चित्राला भिंगाचा व्यास उपयोगी पडतो. पण पुच्छासारखा पसरलेला प्रकाश काचेवर किती दाट पडेल, हे व्यासाने ठरत नाही, तर केंद्रांतर आणि व्यास यांच्या गुणोत्तराने ठरते. मंद उजेडात माणसाला फार वेळ निश्चल बसवावे लागू नये म्हणून व्यक्तिचित्रांची भिंगे आखूड केंद्रांतराची आणि रुंद तोंडाची केलेली असत आणि तोच गुण आकाशातील फिकट प्रकाशाला हवा होता. अशरवुडचे ते चित्र आज उपलब्ध नाही, ही मोठीच हानी आहे.

पुढच्याच वर्षी ध्रुवीय प्रकाशाची पाळी आली, पण फार वेगळ्या रीतीने. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक झगझगीत स्फोट पाहिला आणि सतराअठरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उठून उष्ण कटिबंधापर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. त्याचे चित्र घेणे कोणाला शक्य नव्हते. परंतु लंडनजवळच्या क्यू येथील वेधशाळेत चुंबकसूचीला जोडलेल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण फिरत्या संवेदी कागदावर रेघ उमटवत असे, आणि त्या कागदावर स्फोटाच्या क्षणीचा लहानसा हेलकावा व नंतरचे वादळ अशी दोन्ही उमटली. प्रत्यक्ष प्रकाशाच्या आधी त्याच्या कारणाची खूण छायाचित्रण-कागदावर आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत हेच वादळ निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून हाताने नोंदवले, आणि क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याचे दाखवणारी ती नोंद २००३ मध्ये नव्याने अभ्यासली गेल्यापासून त्या घटनेच्या तीव्रतेचा जगातील एक प्रमुख पुरावा मानली जाते. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर ध्रुवीय प्रकाश मुंबईतून दिसल्याचीही नोंद आहे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्यावर त्यांच्या प्रवाहांनी मापनात बिघाड होऊ नये म्हणून हे चुंबकीय काम १९०४ पासून अलिबागला हलवण्यात आले.

१८७० च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या पट्ट्या आल्या. त्या आधीपासून तयार ठेवता येत आणि ओल्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी अधिक संवेदी असत. १८८१ च्या मोठ्या धूमकेतूचे पुच्छ फ्रान्समध्ये जूल जान्सेन व अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी या पट्ट्यांच्याच बळावर टिपले. १८८२ च्या सप्टेंबरातील धूमकेतू दक्षिण आफ्रिकेतील केप येथे डेव्हिड गिल यांनी एका स्थानिक छायाचित्रकाराचा कॅमेरा दुर्बिणीला बांधून टिपला, तेव्हा पार्श्वभूमीवर इतके तारे उमटले की त्यातून दक्षिण आकाशाची तारासूची छायाचित्रांवरून करण्याची योजना जन्माला आली.

त्याच हिवाळ्यात नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, काउतोकेइनो या सामी लोकांच्या वस्तीत, सोफुस ट्रॉमहोल्ट हा डॅनिश शिक्षक ध्रुवीय प्रकाशाचे निरीक्षण करीत होता. १८८२-८३ हे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष होते, म्हणजे अनेक राष्ट्रांनी ध्रुवप्रदेशात एकाच वेळी, एकाच पद्धतीने हवामान व चुंबकत्व यांची निरीक्षणे करण्याचा ठरवून केलेला उपक्रम होता, आणि उत्तरेला समुद्रकाठी बोसेकोप येथे त्याचे नॉर्वेजियन ठाणे होते. ट्रॉमहोल्टचा बेत असा होता की काउतोकेइनो आणि बोसेकोप येथून एकाच क्षणी एकाच प्रकाशपट्ट्याची दिशा मोजावी आणि दोन दिशांतील फरकावरून त्याची उंची काढावी. बेत अचूक होता, पण डोळ्यांनी घेतलेली मापे पुरेशी नेमकी नव्हती, कारण दोन निरीक्षक सतत हलणाऱ्या झगमगाटातील नेमका तोच बिंदू पाहत आहेत याची खात्री कोणी द्यावी? छायाचित्राने ती दिली असती. परंतु त्या काळच्या सर्वांत संवेदी पट्ट्या लावूनही त्याच्या काचेवर काही उमटले नाही. १८८५ मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथे भिंग आठ मिनिटांहून अधिक वेळ उघडे ठेवून त्याने एक चित्र मिळवल्याचे जाहीर केले, पण एवढ्या दीर्घ काळात आकृती पुसली जाऊन उजेडाचा पसरट ठसा तेवढा शिल्लक राहतो.

आकाशाने नाकारलेला तो कॅमेरा ट्रॉमहोल्टने काउतोकेइनोतील माणसांकडे वळवला. त्याने घेतलेली सामी स्त्री-पुरुषांची व्यक्तिचित्रे आज बर्गेन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्यांचा समावेश झालेला आहे. त्या काळी उत्तरेकडील लोकांची चित्रे मानववंशाचे नमुने म्हणून, नावाविना, घेतली जात असताना ट्रॉमहोल्टने समोर बसलेल्यांची नावे टिपून ठेवली आणि त्यांना त्यांच्या स्वतःच्या ताठ्याने बसू दिले. ध्रुवीय प्रकाशाच्या छायाचित्रणाच्या इतिहासातील हे अपयश अनेक यशांहून मोलाचे आहे.

पट्ट्या अपुऱ्या पडत आहेत, हे ध्यानात घेऊन डॅनिश हवामानसंस्थेने आपल्या ध्रुवीय प्रकाशाच्या मोहिमांत चित्रकारच सोबत नेला. १८९९ मध्ये आइसलँडमधील अकुरेरी येथे आणि त्यानंतर फिनलंडमधील उट्सयोकी येथे हाराल्ड मोल्टके याने केलेली रंगचित्रे आकृती, रंग आणि क्षितिजावरील उंची यांची काळजीपूर्वक घेतलेली नोंद म्हणून आजही विश्वसनीय मानली जातात. तोवर पहिले खरे छायाचित्र मात्र घेतले गेले होते. १८९२ च्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन ब्रेंडेल याने ओटो बाशिन याच्यासमवेत बोसेकोपलाच मुक्काम करून ध्रुवीय प्रकाशाची आकृती प्रथम काचेवर आणली. चित्र अस्पष्ट असले तरी पट्ट्याची कड त्यात ओळखू येते. आर्क्टिक वर्तुळाच्या बऱ्याच आत, आल्ता खाडीच्या टोकाशी वसलेले हे गाव या विषयात वारंवार येते. ते ध्रुवीय प्रकाशाच्या नेहमीच्या पट्ट्याखाली आहे आणि त्या भागातील आकाश किनाऱ्याच्या मानाने अधिक वेळा निरभ्र असते.

याच खाडीवरच्या हाल्दे पर्वतावर, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर, क्रिस्तियान बिर्केलान याने १८९९ मध्ये दगडी वेधशाळा बांधली. सूर्याकडून येणारे विद्युत्‌भारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वाने ध्रुवांकडे वळवले जातात, हा त्याचा सिद्धांत होता, आणि त्यासाठी त्याने निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला. गोळ्याच्या ध्रुवांभोवती उजळलेली कडी त्याने छायाचित्रांत टिपली, म्हणजे आकाशातील दृश्य नीट टिपता येण्यापूर्वी त्याची प्रयोगशाळेतील प्रतिकृती काचेवर आली. पहिल्याच हिवाळ्यात त्याचा एक तरुण सहकारी हिमप्रपातात मरण पावला. त्या कामाची किंमत केवळ पैशांत मोजण्यासारखी नव्हती.

बिर्केलानचे प्रयोग पाहून कार्ल स्टॉर्मर हा गणिती या विषयाकडे ओढला गेला. चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या विद्युत्‌भारित कणाचा मार्ग कसा वळेल, याची अवघड गणिते तो वर्षानुवर्षे करीत राहिला. पण गणिताची परीक्षा घ्यायची तर प्रकाश नेमका किती उंचीवर असतो हे कळायला हवे होते, आणि त्यासाठी ट्रॉमहोल्टचा अपुरा राहिलेला बेत छायाचित्राने पुरा करणे भाग होते. स्टॉर्मरला कॅमेऱ्याची सवय जुनी होती. विद्यार्थिदशेत, १८९० च्या दशकात, तो बंडीत लपवलेल्या आणि बटणाच्या काजातून डोकावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याने क्रिस्तियानियाच्या हमरस्त्यावरील चालत्या माणसांची चित्रे घेत असे, आणि त्या चित्रांत नाटककार हेन्रिक इब्सेनही आहे. स्तब्ध न बसणारा विषय कसा पकडावा, याचे शिक्षण त्याला तिथेच मिळाले असावे.

१९०९ पासून स्टॉर्मरने उपलब्ध भिंगांची पद्धतशीर तपासणी केली आणि त्याची निवड चलच्चित्र-कॅमेऱ्याच्या एका लहान भिंगावर स्थिरावली. त्याचा व्यास सुमारे २५ मिलिमीटर आणि केंद्रांतर ५० मिलिमीटर होते, म्हणजे गुणोत्तर दोनास एक. अशरवुडच्या सात सेकंदांत दडलेला धडा अर्ध्या शतकानंतर येथे पुन्हा उपयोगी पडला. ओले अँड्रियास क्रोग्नेस या सहकाऱ्याच्या मदतीने त्याने असा कॅमेरा सिद्ध केला की एकाच काचपट्टीवर एकामागून एक अनेक लहान चित्रे घेता येत, आणि तेजस्वी प्रकाशासाठी काही सेकंद, कधी त्याहूनही कमी वेळ, पुरे होत असे. पट्ट्या अजूनही निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच मुख्यतः संवेदी होत्या, त्यामुळे काचेवर नायट्रोजनचा ३९१.४ आणि ४२७.८ नॅनोमीटरचा प्रकाश प्राधान्याने उमटे आणि निरीक्षकाच्या डोळ्यांना दिसणारा हिरवा पडदा व चित्रातला पडदा ही काहीशी वेगळी रूपे असत.

१९१० च्या हिवाळ्याअखेरीस स्टॉर्मर बोसेकोपला गेला. सुमारे चार किलोमीटर अंतरावरील दोन ठाणी दूरध्वनीच्या तारेने जोडलेली होती. दोन्हीकडचे कॅमेरे एकाच ताऱ्याकडे रोखायचे, तारेवरून इशारा मिळताच दोन्ही भिंगे एकदम उघडायची आणि एकदम मिटायची, अशी रीत होती. दोन्ही काचांवर तेच तारे आणि तोच प्रकाशपट्टा येई, पण ताऱ्यांच्या तुलनेत पट्टा किंचित सरकलेला दिसे, आणि हे सरकणे, म्हणजे पराशय, मोजून अंतर काढता येई. तारे अतिदूर असल्याने त्यांची जागा बदलत नाही व तेच मोजपट्टीचे काम करतात. चार किलोमीटरांचा पाया तोकडा पडतो, हे कळल्यावर १९१३ च्या मोहिमेत त्याने तो २७ किलोमीटरांपर्यंत वाढवला. शंभर किलोमीटर उंचीवरील प्रकाश डोक्यावर असेल तर एवढ्या पायावर तो सुमारे पंधरा अंश सरकतो आणि मग मोजमापातील लहान चुका नगण्य ठरतात. प्रकाशाची खालची कड बहुतेक वेळा शंभर किलोमीटरांच्या आसपास असते, ही आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत येणारी माहिती हजारो काचांच्या अशा मोजणीतून निघाली आहे. पुढे दक्षिण नॉर्वेतून काम करताना, पृथ्वीच्या सावलीबाहेर सूर्यप्रकाशात असलेले ध्रुवीय प्रकाशाचे किरण हजार किलोमीटरांपर्यंतही पोहोचतात, असे त्याला आढळले. हे काम तो जवळजवळ आयुष्याच्या अखेरीपर्यंत करीत राहिला.

धूमकेतूंच्या बाजूला याच तोडीची चिकाटी एडवर्ड बर्नार्ड याने दाखवली. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे गरिबीत वाढलेला बर्नार्ड लहानपणापासून एका छायाचित्रकाराच्या दुकानात कामाला होता, आणि पुढे लिक वेधशाळेत त्याने सर्वोत्तम चित्रे घेतली ती व्यक्तिचित्रांसाठी घडवलेल्या सहा इंची विलार्ड भिंगातून. १८९३ च्या ऑक्टोबरात ब्रुक्स धूमकेतूचे पुच्छ एखाद्या अडथळ्यावर आदळल्यासारखे मोडलेले आणि विसकटलेले त्याच्या काचेवर उमटले. १९०८ च्या मोरहाउस धूमकेतूच्या पुच्छात तर तासागणिक गाठी सुटून दूर वाहत गेलेल्या दिसल्या. धूमकेतूच्या वाटेवर अवकाशात काहीतरी आहे, असा तर्क बर्नार्डने केला. त्याला नाव देणे त्याच्या काळात शक्य नव्हते.

१९४३ मध्ये जर्मनीत कूनो हॉफमाइस्टर याने छायाचित्रे मोजून दाखवले की आयनपुच्छ सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेत नसते, तर काही अंशांनी मागे रेंगाळते. १९५१ मध्ये लुडविग बिअरमन याने पुच्छातील गाठींच्या वेगवाढीचा हिशेब मांडला आणि सूर्यप्रकाशाचा दाब त्यासाठी फार अपुरा आहे, सूर्यापासून कणांचा अखंड प्रवाह वाहत असला पाहिजे, असा निष्कर्ष काढला. बिर्केलानच्या कणप्रवाहाची आणि बर्नार्डच्या काचांची येथे गाठ पडली, कारण ध्रुवीय प्रकाश पेटवणारे कण आता केवळ वादळाच्या दिवशी नव्हे, तर सदासर्वकाळ अवकाशात आहेत असे धूमकेतू सांगत होते. १९५८ मध्ये यूजीन पार्कर याने या प्रवाहाचा गणिती सिद्धांत मांडला. परीक्षकांनी तो लेख नाकारण्याची शिफारस केली होती, तरी नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी स्वतःचे मत वेगळे असतानाही, गणितात चूक दाखवता येत नाही म्हणून तो छापला. संपादकाच्या न्यायबुद्धीचे हे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर २ या यानाने सौरवात प्रत्यक्ष मोजला.

त्याच सुमारास, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, संपूर्ण आकाश एका गोल चित्रात सामावणारे शंभराहून अधिक कॅमेरे ध्रुवप्रदेशांत बसवले गेले. त्यांच्या फिल्मांवरून याकोव्ह फेल्डस्टाइन याने ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा लंबगोल व दिवसाच्या बाजूला ध्रुवाकडे सरकलेला असल्याचे दाखवले आणि १९६४ मध्ये स्युन-इची अकासोफू याने प्रकाशाच्या एकाएकी उजळण्या-विखुरण्याचा क्रम मांडला. याच जातीच्या कॅमेऱ्याने मे २०२४ च्या मोठ्या वादळात लडाखमधील हानले येथून क्षितिजावरची तांबडी आभा टिपली. इतक्या दक्षिणेकडून प्रकाशाचा हिरवा तळ क्षितिजाखाली राहतो आणि उंचावरचा ६३० नॅनोमीटरचा भाग तेवढा वर येतो.

धूमकेतू आणि ध्रुवीय प्रकाश एकाच चौकटीत आणणे ही अडचण मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली, कारण दोघांच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. फिकट पुच्छाला मिनिटेच्या मिनिटे हवी असतात आणि त्या अवधीत पृथ्वीच्या परिवलनाने तारे सरकू नयेत म्हणून कॅमेरा यंत्राने आकाशासोबत फिरवावा लागतो, तर ध्रुवीय प्रकाश काही सेकंदांतच आकार बदलतो आणि दीर्घ चित्रात त्याचा धुरळा होतो. धूमकेतू अतिशय तेजस्वी, उत्तर आकाशात उंच आणि रात्र पूर्ण काळोखी, असे तिन्ही योग जुळले तरच काही सेकंदांत दोन्ही येतात. मार्च १९९६ मध्ये ह्याकुताके धूमकेतू पृथ्वीपासून दीड कोटी किलोमीटरांवरून, ध्रुवताऱ्याजवळून गेला, पण अल्पकाळच. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप आला तेव्हा तिन्ही योग कित्येक आठवडे टिकले. तो १ एप्रिलला सूर्याच्या सर्वांत जवळ होता, अलास्काच्या अक्षांशावरून बराच काळ मावळतच नव्हता आणि विषुवदिनाच्या सुमारास चुंबकीय खळबळ अधिक असते. संवेदी रंगीत फिल्म आणि रुंद तोंडाचे भिंग घेतलेल्या छायाचित्रकारांना वीसतीस सेकंदांत हिरव्या पट्ट्यांवर दोन पुच्छांचा धूमकेतू मिळाला, आणि त्यांतले निळे पुच्छ व खालचा हिरवा पडदा ही एकाच प्रवाहाची दोन कार्ये प्रथमच असंख्य सामान्य लोकांनी एकत्र पाहिली.

जुलै २०२० च्या निओवाइज धूमकेतूच्या वेळी परिस्थिती उलटली. आर्क्टिक वर्तुळाच्या आत मध्यरात्रीही सूर्य असल्याने खऱ्या उत्तरेला धूमकेतूच दिसेना, आणि ध्रुवीय प्रकाशासह त्याची चित्रे आली ती दक्षिण कॅनडाच्या सपाट गवताळ प्रदेशातून, जेथे क्षितिजावर संधिप्रकाश रेंगाळत असला तरी दोन्ही टिपण्याइतका काळोख काही तास मिळत होता.